पहिल्या ओळीवर पडलेलं गोमूत्र

गंगापूर रोड, नाशिक
१८ सप्टेंबर

चि. मृण्मयीस,
शामसुंदरकाकांचे अनेक आशीर्वाद. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत तुला वेळेवर जेवायला मिळतं असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक आहे. (तुझी आत्या गेल्यापासून शेजारी डब्यातून इतकं गोड पाठवतात, की ठीक नसायला सवडच मिळत नाही.) दर रविवारी व्हॉट्सॲपवर आकडे पाठवतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "काका, जाऊ द्या हो" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

विषय बाल्कनीतल्या बशांचा आहे. इगतपुरीच्या घाटातल्या दगडी भिंतीवरून तुझ्या आत्याने जी शेवाळासारखी दिसणारी, चपट्या पानांची लिव्हरवर्टं खरवडून आणली (छत्री मी धरली होती, प्रयोगातला माझा सहभाग तेवढाच), त्यांच्या तिने तीन ओळी लावल्या. पहिलीला नुसतं पाणी, दुसरीला ऑक्झिन, तिसरीला ॲब्सिसिक आम्ल. कुठल्या हार्मोनने वनस्पतीचं चयापचय कसं बदलतं, साखर किती साठते, ते बघायचं होतं. तिसरी ओळ वाढ थांबवते, साखर साठवते आणि वाळली तरी मरत नाही, असं ती मला जेवताना सांगायची. मी आमटी वाढून घ्यायचो.

आता झालेला प्रकार सांगतो. तेराव्याला पंचवटीहून उज्वलाताई (माझी थोरली बहीण, तुला तिची भीती वाटते, मलाही वाटते) गोमूत्राची बाटली आणि तुळशीची डहाळी घेऊन आली. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, बुटांचं कपाट, सगळीकडे शिंपडत ती बाल्कनीत पोचली.

"शाम, ही शेवाळं काय सांभाळत बसलायस?"

"शेवाळ नाही ते, ताई." हे वाक्य माझं नव्हतं, तुझ्या आत्याचं होतं. बत्तीस वर्षं ऐकलं, त्यामुळे आपोआप बाहेर पडलं.

"बरं बाई, नसेल. घरात आहे ना? मग शुद्ध व्हायलाच हवं. सरक."

मी सरकलो. पहिल्या ओळीला तिने सढळ हाताने दिलं, कारण ती दाराजवळ होती. दुसरीला थोडं. तिसरी ओळ तुझ्या आत्याने वाळायला काचेखाली ठेवली होती, म्हणून ती अशुद्धच राहिली.

हे मी तुला कळवायला हवं होतं. पण मी एकतीस वर्षं वीज कार्यालयात रीडिंग तपासली आहेत. रीडिंग घेणाऱ्याने आकडा लिहायचा, मत द्यायचं नाही, अशी आमची पद्धत. गोमूत्र हे मी मत समजलो. सात रविवार मी लांबी-रुंदी बरोबर मोजली, तुकडे वाळवून तुझ्या प्रयोगशाळेला वेळेवर कुरियर केले, एकही आकडा खोटा लिहिला नाही.

मग पहिल्या ओळीलाही खालून मुळांसारखे केस फुटले. अगदी दाढी. तू लिहिलंस, "काका, नुसत्या पाण्यातली ओळ ऑक्झिनच्या ओळीसारखी वागतेय! हे नवीन आहे! मी पुढच्या महिन्यात परिषदेत मांडणार!!!!" शेवटी चार उद्गारचिन्हं होती. मी ती मोजली, कारण आता मला मोजायची सवय लागली आहे.

काल आत्याची वही चाळली. तिसऱ्याच पानावर तिने लिहिलंय, की ऑक्झिन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं ते माणसाच्या मूत्रातून. गाईचं त्याहून फार निराळं नसावं. तेव्हा बाळ, तुझा नवा शोध उज्वलाताईचा आहे. परिषदेत कुणी उठून विचारण्याआधी मीच सांगतो. माझं चुकलं. तुझे सात आठवडे वाया गेले, आणि रागावलीस तर मी ऐकून घेईन.

आता हे सामान लवकर घेऊन जावं. बाल्कनीत कपडे वाळत घालायला अडचण होते. मला त्यात काही रस नाही.

तुझा,
शामसुंदरकाका

ता. क. आकडे फेकून दे, बशा फेकू नकोस. कपडे मी आत वाळत घालतो.

ता. क. २. उज्वलाताईला यातलं काही कळवू नये. ती बाटली घेऊन पुन्हा येईल.

ता. क. ३. तिसऱ्या ओळीच्या रकान्यात आत्याने लिहिलंय, 'चाळीस दिवसांनी पाणी द्यायचं.' चाळीस होऊन गेले तरी माझा हात होईना. रविवारी दिलं. काल कडेला हिरवं दिसलं. लांबी मोजली आहे, पण लिहिली नाही. त्या रकान्यात आतापर्यंत सगळं तिचंच अक्षर आहे. तू येऊन लिही. रागावलेली आलीस तरी चालेल.