दोन्ही सभागृहांत बहुमत

स्टॅनमोर, ६ फेब्रुवारी १९९४

चि. आशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. दिवसभर आजारी माणसांना विमा नाकारल्याची पत्रं टाइप करायची, आणि नवऱ्याच्या हृदयाच्या औषधांसाठी तीच नोकरी धरून बसायचं! नोकरी गेली की विमा गेला, हा कुठला न्याय? एवढा श्रीमंत देश, आणि दुखणेकऱ्याने साहेबाची मर्जी राखायची! आमची एनएचएस, म्हणजे इथली सरकारी मोफत आरोग्यसेवा, गोगलगाय आहे. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनचा नंबर अजून लागत नाही. जिना चढताना हे मागून ढकलतात. पण कुठे नोकरी करता, असं डॉक्टर विचारत नाही.

आता तुमचे राष्ट्राध्यक्ष सगळ्यांना विमा देणार ना? त्यांच्या पक्षाचं दोन्ही सभागृहांत बहुमत आहे, मग विधेयक अडेल कशाला? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट नागरिकशास्त्र शिकवत तेव्हा तू खिडकीबाहेरच्या चिंचा बघत होतीस, म्हणून तुला धीर नाही. खुशाल राजीनामा दे. शशिधरच्या तब्येतीला जप.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मधुताई

क्लीव्हलँड, १९ जून १९९४

ती. ताईस सा. न.

दिला राजीनामा! हे म्हणत होते, कायदा होईपर्यंत थांब. मी म्हटलं, ताईला नागरिकशास्त्रात बक्षीस होतं. तेव्हा हसले. मधले काही महिने जपून काढू. कित्येक वर्षांनी रविवारी संध्याकाळी सोमवारची धास्ती वाटली नाही. अंगणात टोमॅटो लावलेत.

आशीर्वाद असू दे.
तुझी आशा

क्लीव्हलँड, ३० ऑक्टोबर १९९४

ती. ताईस सा. न.

बातमी तू ऐकलीच असशील. विधेयक मतालासुद्धा आलं नाही. इथे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षातले लोक त्यांना अडवतात, आणि तरी सरकार पडत नाही. आपल्या पुस्तकात हे नव्हतं गं.

साहेबांना भेटले. जागा परत मिळाली, पण नवी कर्मचारी म्हणून. नव्या माणसाच्या घरातल्या जुन्या आजाराला पहिलं वर्ष विमा नाही. म्हणजे नोकरीही आहे आणि विमाही नाही.

शनिवारी दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. मी गाडी थेट इस्पितळाच्या दाराशी नेली. हे म्हणाले, जरा थांबू, जाईल. आत गेलो तर घर विकावं लागेल म्हणाले. काचा वर करून दोघं बसून राहिलो. कळ गेली. परत आलो.

तुला दोष देत नाही. रागावू नकोस.
तुझी आशा

स्टॅनमोर, ७ नोव्हेंबर १९९४

चि. आशास अनेक आशीर्वाद.

रागावलेय. तुझ्यावर नाही, इथे खुर्चीत बसून तुझ्या देशाचे कायदे करणाऱ्या बाईवर. शशिधरला इकडे आणता येईल का म्हणून आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलली आणि नाही म्हणाली. मला तर विमानापर्यंतही चालवत नाही.

आता एकच ऐक. तुमच्याकडे इस्पितळाच्या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत, बिल मागून येतं, हे तूच मागे एका पत्रात लिहिलं होतंस. तर पुन्हा कळ आली की गाडीतून उतरायचं. शशिधर नको म्हणाला तरी त्याच्या बाजूचं दार उघडायचं आणि हाताला धरून आत न्यायचं. घराचं मग बघू.

उत्तर लिहीत बसू नकोस. आत गेलात की तिथूनच फोन कर.
मधुताई