राक्षसाच्या तोंडी गाऱ्हाणं

बाबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आता सांगायला बसलोय, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तरी सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली तुम्ही मला रत्नागिरीला कॉम्प्युटर क्लासला घातलंत. सरांची पाठ वळली की आम्ही एक बंदुकीचा खेळ खेळायचो. भुयारातून पळायचं, समोर येईल त्या राक्षसाला उडवायचं. त्या खेळाचं पोट उघडून आत हवं ते घालता यायचं, भिंती बदला, आवाज बदला, सगळं चालायचं. पुढे मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा कळलं की कुणा परदेशी हौशी लोकांनी हाच खेळ कंपनीला न विचारता मोबाईलवर उतरवलाय. झालं, मला चेव चढला. भुयाराच्या भिंतींना मी आपल्या देवळाच्या जांभ्या चिऱ्यांचा फोटो चिकटवला. आणि आवाज? आदल्या शिमग्यात तुम्ही देवीपुढे गाऱ्हाणं घालत होतात, ते मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तुमच्या दर वाक्याला सगळं गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतं, तेवढं कापून राक्षसांच्या तोंडी घातलं. गोळी लागली की राक्षस म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" मेमरीत मावेना म्हणून आवाज इतका चेपला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. टवाळी करायची नव्हती, बाबा. आपलं देऊळ तळहातावर मावतंय याचंच मला अप्रूप होतं. दुकानात दोघा-तिघांना ब्लूटूथनं दिला आणि हे मी केलंय हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या शिमग्याला चाकरमानी आले. भर दुपार, पालखी सजलेली. तुम्ही देवीपुढे उभे राहता, "हे आई म्हाराजा" म्हणता, आणि गाव तोंड उघडायच्या आत मागून ठो ठो आवाज येतो आणि तो डब्यातला "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा." फोन काकाच्या मुलाच्या हातात. तो घाबरून बंद करायला जातो, तर भलतंच बटण दाबलं जातं आणि गोळ्या सुटतच राहतात. पोरं फिसकन हसतात. तुम्हाला पुढचं वाक्य आठवत नाही. इतकी वर्षं तुम्ही गुरवपण केलंत, असं कधी झालं नव्हतं.

गाव खवळलं. त्याला धरून देवीपुढे उभा केला.

"काका, आईशप्पत, मी नाय केलंय. मुंबैत एकानं मना धाडलान."

"मग केलान कुनी?"

ते त्याला कुठून ठाऊक असणार? शेवटी देवीचा कौल घ्यायचं ठरलं. तुम्ही दोन पाकळ्या भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. उजवी पडली तर काम त्याचंच, डावी पडली तर तो मोकळा. उजवी पडती तर त्याला पालखीला शिवायलाही मिळणार नव्हतं. पुढचा खांदा आपल्या घरात थोरल्याचा, म्हणजे त्याचा. त्यासाठी तो वर्षभर एकेक रजा साठवायचा. त्याचे हात जोडलेले, ओठ पुटपुटतायत. मी खांबाला टेकून उभा. एक शब्द बोललो असतो तर तिथल्या तिथे संपलं असतं. पण मी मनात म्हणतोय, डावीच पडणार, देवीला तर माहीत आहे ना कुणी केलं ते! डावी पाकळी हलते. जरा घसरते, अडते. आणि उजवी टपकन खाली येते.

"आई बोलली," तुम्ही म्हणालात. तो कुणाशी भांडला नाही. बॅग उचलून एसटीच्या थांब्याकडे चालत गेला. त्यानंतर तो गावात आलाच नाही, तुमच्या बाराव्यालाही नाही.

संध्याकाळी चुलीपुढे तुमच्या हातातला चहा निवून गेला. म्हणालात, "भावाचा पोर हाय रे, जीव तुटतो माजा. पन आई खोटं नाय बोलायची." मी भाकरी मोडत राहिलो. तेव्हापासून स्वतःला एकच सांगत आलोय, की बोललो असतो तर कौल खोटा ठरला असता, याआधी तुमच्या कौलावर मिटलेली गावातली सगळी भांडणं पुन्हा उकरली गेली असती, तुम्हाला देवळाची पायरी चढू दिली नसती. बायकोलाही असंच सांगितलं. तिला पटलं, मला नाही.

हे पत्र खरं तर त्याला धाडायला हवं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, तरी तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "फुडचा खांदा आता कोन देनार?" मी तुमचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, बाबा. सगळ्यांच्या आधी पुढे झालो, आणि त्या दिवशी पालखी नाचवताना मला त्याची एकदाही आठवण झाली नाही.