पुढच्या सीटवर कोण

रवि. ५ नोव्हें. ९५

आज परत झालं. हे आरशासमोर दाढी करत होते, मी चहा घेऊन गेले. ब्रश गालाला टेकलेला, डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. दोनदा हाक मारली. काही नाही. मग एकदम ब्रश फिरायला लागला आणि म्हणाले, ‘‘चहा झाला का गं?’’ कप घेऊन मी समोरच उभी होते.

दिवाळीआधी केबिन रोडवर स्कूटर भाजीच्या हातगाडीवर गेली तेव्हाही हेच. मी मागे बसले होते. कुत्रं-बित्रं काही आडवं आलं नव्हतं. कुत्र्याची गोष्ट ह्यांनी घरी येऊन सांगितली आणि मी मान डोलावली. ढोपर अजून दुखतं.

भीती वाटते. लिहिलं तरी कमी झाली नाही.

मंगळ. ७

गाडी घ्यायची ठरली. दोघा भावांनी मिळून. भाऊजी पेपरातली कात्रणं घेऊन आले, जेवताना ताटाभोवती पसरली. छोटी गाडी नको, तीन रांगांची हवी. आम्ही आठ. सासूबाई, हे, मी, रश्मी, सोनू, भाऊजी, मंगल आणि तिचा चिंटू.

सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, गाडी पहिल्यांदा गावी देवीला न्यायची, आणि घरातलं एकही माणूस मागे ठेवायचं नाही. मामंजींनी बैलगाडी घेतली तेव्हा तान्ह्या बाळासकट सगळे गेले होते म्हणे. तीच पद्धत.

लायसन्स एकट्या ह्यांचं. भाऊजींना सायकलसुद्धा धड येत नाही. सगळे खुशीत, हे तर फारच. इतक्या दिवसांनी एवढे हसताना बघितले. माझ्या पोळ्या करपल्या.

बुध. ८

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. ‘‘ॲसिडिटी आहे.’’ ॲसिडिटीने माणूस उभ्या उभ्या हरवतो का? मग म्हणाले, कोणाजवळ बोलू नकोस, आईजवळ तर मुळीच नाही.

मामंजींना शेवटी शेवटी फिट यायच्या. सासूबाई त्यांच्या खिशात कांदा ठेवायच्या, फिट आली की फोडून नाकाशी धरायला. गावातली पोरं ह्यांच्या शाळेच्या वाटेवर मामंजींची नक्कल करून दाखवायची. एवढंच ह्यांनी एकदा सांगितलं होतं, लग्न नवीन असताना. त्यानंतर कधी विषय नाही.

मग ड्रायव्हर ठेवू म्हटलं. तर ड्रायव्हर धरून नऊ होतात. ‘‘कुणाला मागे ठेवू, तूच सांग.’’ काय सांगणार, कप्पाळ.

रवि. १२

भाऊजींनी गच्चीवर खडूने गाडी आखली. खरी लांबी-रुंदी कुठून तरी विचारून आले होते. तीन रांगा, पुढे दोन खुर्च्या, बाकीच्यांना पाट. अख्ख्या बिल्डिंगची करमणूक. चौथ्या मजल्यावरच्या आजी तर पापड वाळत टाकायचं सोडून बघत बसल्या.

पुढे ह्यांच्या शेजारी सासूबाई, कारण त्यांना गाडी लागते. मधे भाऊजी, मंगल, मांडीवर चिंटू. शेवटच्या रांगेत मी आणि दोघी मुली. कोणी ठरवलं नाही, जो तो आपापल्या जागी जाऊन बसला. हे तोंडाने घर्रर्र करत स्टिअरिंग फिरवत होते. सोनू हसून हसून लोळली.

मी ह्यांच्या मानेकडे बघत होते. तिथून हात पोचत नाही. मधे दोन पाट.

शनि. १८

नया नगरला जीप बघायला. लांब, डिझेलची, वापरलेली. गॅरेजवाले युनूसभाई कौतुकाने दाखवत होते. ‘‘भाभी, पीछे दरवाजा है, अंदर से खुलता है. बच्चा लोग आराम से उतरेगा.’’ खरंच उघडतो. मी मागे बसून पाच-सहा वेळा उघडून बघितला. भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, दार घ्यायला आलोय की गाडी?’’

मग पुढे बसले. हँडब्रेक कुठे विचारलं. युनूसभाईंनी ड्रायव्हरच्या पलीकडे, उजव्या गुडघ्याजवळ दाखवला. शेजारी बसणाऱ्याने ह्यांच्या अंगावर आडवं झाल्याशिवाय हात पोचणार नाही. बेशुद्ध माणूस स्टिअरिंगवर पडला असेल तर मुळीच नाही.

आता मी असल्या गोष्टी बघते.

रवि. २६

पलीकडच्या विंगमधल्या रमणिकभाईंची व्हॅन. ते मुलाकडे बडोद्याला चाललेत, विकायची आहे. ‘‘बेन, तीन साल में एक स्क्रॅच नहीं.’’ गाडीत अगरबत्तीचा वास, सीटवर अजून प्लॅस्टिक.

हँडब्रेक दोन पुढच्या सीटच्या मधोमध. डाव्या सीटवरून सहज ओढता येतो. मी बसून, बोटं लावून बघितली.

मग शेवटच्या रांगेत गेले. रमणिकभाईंनी मागचा दरवाजा लावून घेतला, खाडकन. आतून उघडायला काही नाही. कडी नाही, खटका नाही. विचारलं तर म्हणाले, मागचं बाहेरूनच उघडतं, मधली सीट पाडून पुढून उतरायचं. आणि मधल्या सीटवर माणसं असतील तर? बाहेर उघडायला कोणी उभंच नसेल तर? काच बंद, प्लॅस्टिक तापलेलं. मला घाम फुटला. हाताने काच बडवायला लागले तेव्हा सगळे हसले.

मुलींची जागा ती.

सोम. २७

म्हणजे असं. जीप घेतली तर मुली बाहेर पडू शकतात, पण मी गाडी थांबवू शकत नाही. व्हॅन घेतली तर थांबवू शकते, पण मुली मागे बंद. ज्या गाडीत दोन्ही आहे अशी गाडी आमच्या ऐपतीत नाही. नवरा शहाण्यासारखा डॉक्टरकडे गेला असता तर मला ह्यातलं काही कळायची गरज नव्हती.

ह्यांनी दुपारी ऑफिसातून फोन केला, शेजारच्यांकडे. ‘‘तुला कुठली आवडली? तू म्हणशील ती.’’ किती प्रेमाने विचारलं. ‘व्हॅन’ म्हटलं. शेजारीणबाई समोर बसल्या होत्या म्हणून रडता आलं नाही.

गुरु. ७ डिसें.

मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली, मनात भलतंच. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर बोलून टाकलं, गावी जाताना पुढे मी बसणार.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘मला लागते ना गं गाडी.’’ म्हटलं, गोळी घ्या. अगदी असंच म्हणाले, तोडून. माझं मलाच ऐकवलं नाही. मंगल म्हणाली, ‘‘ताई, मोठ्या सुनेचा मान हवाय होय? मग तसं सांगा की.’’ भाऊजींनी चिंटूला उचललं आणि आपल्या ब्लॉकमध्ये निघून गेले. रश्मीसुद्धा माझ्याकडे अशी बघत होती, मी कोणी दुसरीच असल्यासारखी.

हो बाई, मान हवाय मला. समजा तसं.

ह्यांनी मान वर केली नाही. ताटातल्या कढीत बोट फिरवत बसले.

रवि. १७

व्हॅन आली. चाकाखाली लिंबं, नारळ, पेढे. रमणिकभाईंच्या मिसेसनी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि त्यांनाच भरून आलं. सगळ्यांना नवघरपर्यंत एक चक्कर. सासूबाई पुढे. मी मागे, मुलींमधे, दोघींचे हात घट्ट धरून. सोनू म्हणाली, ‘‘आई, दुखतंय.’’

मं. १९

ह्यांनी सुट्टी काढली होती. गाडीवर हात बसवायचा म्हणून मिठागराच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. मी हट्टाने बरोबर. दोघंच. गाडी हळू चालली होती. मी काही न सांगता हँडब्रेक ओढला.

गाडी हिसका देऊन थांबली, बंद पडली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. समोर बघतच म्हणाले, ‘‘बटण दाबायचं नाही. नुसता ओढायचा. दोन्ही हातांनी.’’ मग माझे हात धरून तीन-चारदा ओढून दाखवला. त्यांचे हात गार होते.

आधी बरं वाटलं, एकटी नाही म्हणून. मग उमजलं. इतके दिवस मी समजत होते, ह्यांना कळतच नाही आपल्याला काय होतं. ह्यांना सगळं माहीत आहे. माहीत असून आठ जणांना घेऊन निघालेत.

घरी येताना म्हणाले, गावाहून आलो की डॉक्टर. देवीची शपथ. मी म्हटलं, आधी. म्हणाले, ‘‘आधी दाखवलं तर तो गाडी चालवू नका म्हणेल ना.’’

रवि. २४

भाऊजी रस्त्याचं वर्णन करत होते. घाट कसा, वळणं कशी, एका बाजूला दरी कशी. चिंटूला हाताने वळणं करून दाखवत होते. मी विचारलं, घाटात उतरताना गाडी केवढ्या जोरात असते? हँडब्रेक लावला तर लागतो का? ‘‘वहिनी, उतारावर मधेच हँडब्रेक ओढला तर गाडी गर्रकन फिरेल. कोण ओढेल असा?’’ आणि हसले.

म्हणजे मिठागराच्या सपाट रस्त्यावर जे शिकले ते तिथे चालणार नाही. ज्याच्या जोरावर व्हॅन घेतली, मुलींना मागे बंद केलं, सासूबाईंशी वाईट वागले. एवढीशी अक्कल मला आधी नव्हती.

अक्षर बघा काय आलंय.

शनि. ३०

परत झालं. जेवताना, घास हातात. सोनू म्हणाली, ‘‘बाबा स्टॅच्यू!’’ ती खेळच समजली. मी पाण्याचा तांब्या मुद्दाम पाडला, गडबड केली, तेवढ्यात ते परत आले. सासूबाईंनी सांडलेलं पाणी पुसायला फडकं दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

लपवायला मीच मदत करतेय.

गुरु. ४ जाने. ९६

उद्या पहाटे निघायचं. वड्या, दशम्या, पाण्याचे कॅन. ह्यांच्या पँटी इस्त्रीला काढल्या तर उद्याच्या पँटच्या खिशात कांदा. छोटा, पांढरा. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘असू दे. ऊन लागतं प्रवासात.’’

जानेवारीत कसलं ऊन.

त्या जवळ आल्या, कांदा परत खिशात सरकवला, वरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘‘उद्या तू बस पुढं. मी मागं बसते पोरींपाशी. ओकले तर ओकले.’’

म्हटलं, ‘‘आई, तुम्हाला माहीत आहे?’’

‘‘भाजी कुठली करतेस आत्ता?’’ एवढंच. आत निघून गेल्या.

म्हणजे ह्यांना माहीत, मला माहीत, आईंना माहीत. तिघंही उद्या बसणार. जी जागा भांडून हवी होती ती मिळाली, आणि आता मला ती नको. नको आहे मला ती जागा. त्या म्हाताऱ्या बाईने शेवटच्या रांगेत बसायचं, मुलींसोबत, सगळं माहीत असताना. मंगल बिचारी चिंटूला नवं स्वेटर घालून दाखवायला आली होती.

शुक्र. ५ जाने.

पहाट. स्वयंपाकघरात उभ्याने लिहितेय.

सामान ठेवलं, सगळे खाली गाडीत बसलेत. हे नारळ विसरला म्हणून वर आले. गाडी उघडून ठेवून चावी त्यांनी आंघोळीआधी खिळ्याला लावली होती, ती मी काढून घेतली. त्यांनी मागितली. म्हटलं, देत नाही.

‘‘तमाशा करू नकोस. आई वाट बघतेय.’’

आईंना माहीत आहे, सांगितलं. कांद्याचं सांगितलं. त्यांनी खिसा चाचपला. मग कॉटवर बसले, बूट घातलेलेच.

म्हटलं, भाऊजींना सांगा, मंगलला सांगा. त्यांचं पोर आहे गाडीत. त्यांना कळू दे आणि मग ज्याला बसायचं त्याने बसू दे. सांगितलंत तर ही चावी. नाहीतर मी विहिरीत टाकीन, खाडीत टाकीन, पण देणार नाही. मी ओरडले बहुतेक.

ते म्हणाले, ‘‘प्रकाशसमोर? त्या पोरासमोर?’’ भाऊजी चाळिशीला आले, ह्यांच्या लेखी अजून पोरच. मग म्हणाले, ‘‘बाबांना बघितलंय मी. उठले की सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे. कोणी हसतंय का.’’ मी जवळ गेले नाही. गेले असते तर चावी दिली असती.

खालून रश्मीच्या हाका. ‘‘आई, चला ना! बाबा!’’ चिंटू रडतोय. पुजलेल्या गाडीला उशीर नको म्हणून भाऊजींनी ओरडून सांगितलं.

हे उठलेत. नारळ उचलला. माझ्यापुढे हात केला नाही. दारात थांबले, कांदा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि जिन्याने खाली गेले.

चावी माझ्याच मुठीत आहे. खिडकीतून गाडीचा टप दिसतो, माणसं दिसत नाहीत. मघाशी सगळ्यांचा गलका होता. आता नुसता ह्यांचा आवाज येतोय, काय बोलतायत ते कळत नाही.