ओक-नानला घर, विनाअट

मी, ह्यॉन चुन-ह्वा, वय एक्क्याऐंशी, धंदा समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणे, राहणार हामोल, जेजू बेट, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझं डोकं फिरलंय असं गावातल्या बायका म्हणतील. नवरा समुद्रात बुडून गेला आणि मी येशूला धरलं, तेव्हापासून त्या हेच म्हणतात.

कलम एक. बुड्यांच्या मधे धरून दम घ्यायचा माझा तरंगता भोपळा, जाळी व कोयता बुडी मंडळातल्या बायकांना द्यावा. बुडीनंतर सगळ्या अंग शेकतात त्या शेकोटीजवळची माझी जागा द्यायचा प्रश्नच नाही, ती केव्हाच गेली. मी टेकले की देवाचं सुरू करायचे, हे खरं. "आली बाई प्रवचनकार, उठा गं!" म्हणत सगळ्या सरकायच्या. पण मला जे मिळालं ते एकटीनं कसं खाऊ?

कलम दोन. बायबल कोणी मागितलं तर द्यावं. कोणी मागणार नाही. मग माझ्यासोबत पुरावं.

कलम तीन. घर आणि संत्र्याची झाडं माझी मैत्रीण बू ओक-नान हिला. चाळीस वर्षं मी तिला चर्चला बोलावते आहे. "अगं बये, आधी श्वास घे, मग बोल!" हे तिचं उत्तर. दर वसंतात समुद्रदेवाच्या पूजेला ती कागदात तांदूळ बांधून पाण्यात सोडते. एक पुडी स्वतःसाठी, एक माझ्यासाठी, मी जिवंत वर यावं म्हणून. कळलं तेव्हा मी कडाकडा भांडले. ती म्हणाली, "तू मला न विचारता माझ्यासाठी प्रार्थना करतेस, मी कधी भांडले?"

बाप्तिस्मा घेतला तरच घर, अशी अट घाला, असं पास्टर कांग म्हणाले. घातली नाही. घरासाठी देवाकडे आलेली ओक-नान मला नको, आणि देवालाही नको असावी.

कलम चार. हे कायद्यात बसत नसेल तरी राहू द्यावं. स्वर्ग आहे, यात मला शंका नाही. पण तिथं माझ्या ओळखीचं कोण? शेकोटीवरची एकही नाही. इथं एकटी पडले ते सोसलं. ओक-नान, तुला भीती घालत नाही गं. तुझ्याशिवाय मला तिथं करमणार नाही, एवढंच.

वरील मजकूर ओक-नानला वाचून दाखवला. ती बराच वेळ नाक पुसत बसली. मग म्हणाली, "गेलीस की लगेच आत शिरू नकोस. दाराशी थांब. मी आले की बघू."

तसं थांबता येत नाही, असं पास्टर म्हणाले.

मी थांबणार आहे.

सही : ह्यॉन चुन-ह्वा
साक्षीदार : कांग सोंग-हो, पास्टर
साक्षीदार : यांग मी-ह्ये, बुडी मंडळाच्या प्रमुख
हामोल, २ नोव्हेंबर २०१९