मध्येच न थांबलेली पोर

आये, तुझ्या आणि बाबांच्या पाया पडते.

फोनवर सांगताना रडले असते आणि तू घाबरली असतीस, म्हणून लिहिते. धाकट्या नविनकडून वाचून घे.

जेवण बरं चाललंय. कोर्टातल्या वकील बायकांच्या खोलीत खुर्च्या कमी आहेत, पण आम्ही सरकून बसतो. आधीच्या वकीलसाहेबांनी दोन वर्षं मला नुसत्या तारखा मागायला उभं केलं. काल मात्र आताच्या आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “तलासरीच्या त्या विधवेच्या जमिनीचं आज तूच बोल.”

हायकोर्टात न्यायाधीशही बाईच होत्या. त्या आल्या, तसे पिकल्या केसांचे वकील ताडकन उभे राहिले. आये, माझ्या अंगावर काटा आला.

न्यायाधीश बोलल्या की वकिलाने गप्प व्हायचं असतं. त्यांनी मध्येच प्रश्न विचारला आणि मी थांबलेच नाही! तू धवलेरी, लग्न लावायला बसलीस की लग्नाचं गाणं अर्ध्यात सोडत नाहीस. तुझ्यामागे गाऊन गाऊन मलाही तीच सवय. सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं, माझं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “झालं? आता मी विचारू?”

जमिनीला तूर्त कोणी हात लावणार नाही, असा हुकूम झाला.

तू गातेस तेव्हा मांडवातले सगळे पुरुष गप्प बसतात. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

तुझा खोकला गेला का? घसा जप. मे महिन्यात लग्नांना येते. या वेळी मांडवात मला मागे नको, तुझ्या शेजारी बसव.

तुझीच,
दक्षा