धरणकाठचा कोळी

५ फेब्रुवारी, सोमवार
धरणाच्या काठावर कोकण आलं. कोळ्यांची वस्ती उभी राहिली, नारळ ड्रममध्ये लावून ट्रकने आणले. समुद्र नंतर कॉम्प्युटरवर लावणार. फिल्मवाले खऱ्या कोकणात का गेले नाहीत, असं गावातले शहाणे विचारतात. हिरोला पाचगणीचं हॉटेल मानवतं, हे त्यांना माहीत नाही.
मला कोळ्याचा रोल मिळाला. डायलॉग असेलच. जोतीराममामांनी शिराळ्याच्या स्थळाला कळवलं की भाचा फिल्म लाइनमध्ये आहे. मुलीकडचे मला शनिवारी शूटिंगवरच बघायला येणार. अंकिता बीएस्सी. माझा बारावीचा एक विषय राहिला आहे, पण पडद्यावर मार्कशीट दिसत नाही.

६ फेब्रुवारी
निश्चय: दाढी वाढवणे. उन्हात उभे राहणे. पोहायला शिकणे.
सेटवरच्या पाटीवर ‘मच्छीमार सोसायटि’ लिहिलं होतं. वेलांटी दीर्घ करून आलो.

७ फेब्रुवारी
पाणी फार गार. सर्दीने आवाज बसला असता. पोहणं रद्द.
सेटवर बोंबील वाळत घातलेत. निम्मं गाव नाक धरून जातं, निम्मं मूठभर उचलून जातं. म्हणून राखणीला माळकरी लालासाहेबआबा ठेवले. आबांनी आधीच सांगितलं, “मांजरं हाकलीन, पर मासळीला हात लावायचा न्हाई.”

८ फेब्रुवारी
परड्यात जाळं फेकायची प्रॅक्टिस. आमचीच कोंबडी अडकली. आईने जाळं कापून सोडवली आणि म्हणाली, “गड्या, माशानं तुला बगून हसावं.” जाळं युनिटचं आहे. टेक्निक मात्र बरोबर होतं.

९ फेब्रुवारी
असिस्टंट डायरेक्टर धवल सरांनी सीन समजावला. वादळात बोट बुडते, तरुण कोळी किनाऱ्याला लागतो. मी विचारलं, पुढे तो काय करतो? सर म्हणाले, काही नाही, तो मेलेला आहे.
म्हणजे सगळा सीन माझ्याभोवतीच. आईला सांगितलं, तर म्हणाली, “नवरा म्हणून दावायचा दिस, आन् तू मुडदा हून पडनार व्हय रं?” तिला कला कळत नाही. श्वास रोखायची प्रॅक्टिस केली. चक्कर आली. चांगलं लक्षण.

१० फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
ऐतिहासिक दिवस.
अंकिता, तिचे वडील (रिटायर्ड सुभेदार) आणि आजी हरणाबाई वेळेवर आले. माझ्या बायकोचं काम करणारी नटी मात्र आलीच नाही. धवल सरांची नजर अंकितावर पडली. सुभेदार हो म्हणाले. तिला लुगडं नेसवलं, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. सीनआधी मी तिला श्वास रोखण्याचं शास्त्र सविस्तर समजावलं. ती एकटक बघत होती. नजरेत आदर होता.
मग मी ओल्या वाळूत पडलो. तिने असा हंबरडा फोडला की आबांनी पटका काढून हातात घेतला. माझ्या छातीवर बांगड्या फोडल्या. काचा रुतल्या, मी हललो नाही. एका टेकमध्ये ओके! सुभेदार म्हणाले, “पोरगं पोझिशन सोडत न्हाई.” म्हणजे पसंत. हरणाबाई तोंडाला पदर लावून गाडीत जाऊन बसल्या. भावनेचा सीन होता.

११ फेब्रुवारी
मामांचा फोन. स्थळ मोडलं.
हरणाबाई म्हणाल्या म्हणे, “हळद लागायच्या आदीच नातीनं नवऱ्यावर बांगड्या फोडल्या. आता त्या घरात पोरगी द्यायची न्हाई.” मी म्हणालो, मामा, ती ॲक्टिंग होती. मामा म्हणाले, “आरं, सुभेदार त्येच सांगत हुते म्हातारीला. शेवटी त्येंनी पोरीलाच इचारलं.”
अंकिता म्हणाली, “पडलेला बरा दिसतो. पण अर्धा तास मला श्वास कसा रोखायचा ते शिकवत होता. जन्मभर कोण ऐकणार?”
मामा पुढे बरंच बोलत होते. मी फोन ठेवला.
बरा दिसतो, असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली.