उताराखालच्या अंगणाची व्यवस्था

मी, उताराच्या पायथ्याशी राहणारी, गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवून संसार केलेली विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय झाले आहे, डोके ठिकाणावर आहे. लिहिताना कोणी मागे उभे राहू नये म्हणून मुलाला बाहेर पाठवले आहे.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समान. माळ्यावरची खोली मुलीची. पेट्रोल महागल्यापासून ती बसने येते, वर्षातून एकदाच. पण आली की आठवडाभर राहते. पूर्वी स्वतःच्या गाडीने यायची आणि चहा उभ्यानेच प्यायची. तिच्या खाटेवर कोणी सामान रचू नये.

२. शिलाई मशीन, कातऱ्या आणि उरलेले रेक्झिन माझ्या मदतनीस बाईला. तिचा टाका माझ्याहून सरळ आहे. तोंडावर सांगणे मला जमले नाही.

३. पूर्वी उतारावर ट्रक गुरगुरत यायचे. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळे व्हायचे. भाव चढले, लोक एका गाडीत दाटीवाटीने जाऊ लागले, ट्रक कमी झाले. हवा सुधारली, हे खरे. अंगणातल्या पेरूवर पक्षी पुन्हा बसू लागले. पण त्याच भावांनी दुसरी सवय लावली. माथ्यावर इंजिन बंद करायचे आणि गाडी उतारावर नुसती सोडायची. अशा गाडीचा ब्रेक दोन-चारदा दाबला की दगडासारखा होतो, आणि ती येते ते कळत नाही.

आमचे हे रस्ता ओलांडत होते, तेव्हा असाच एक टेंपो वरून आला. कान शाबूत होते. ऐकू येण्यासारखे काही नव्हते.

त्या टेंपोवाल्याला मी माफ केलेले नाही. माझ्यामागे कोणी माझ्या वतीने करू नये.

४. थोरला जीप चालवतो, प्रवासी नेतो आणि उतारावर तोही इंजिन बंद करतो.

"बापाचं काय झालं ते विसरलास?"

"आई, सगळा उतार इंजिन चालू ठेवून उतरलो तर घरी काय आणू? मी काय नवशिका आहे?"

"तो टेंपोवालाही नव्हता."

त्याने ताट सारले. दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा बिनआवाज आली. तिचे दार आपटले की मला कळते, पोहोचला. तोवर मशीन थांबवून बसते.

५. अंगणात गाळे काढून भाड्याने द्यावेत, असे थोरल्याचे म्हणणे आहे. काढू नयेत. कुंपण पाडावे, पेरू तोडावा. पेरूसाठी मुलीने वाईट वाटून घेऊ नये. सगळे अंगण जाड्या वाळूने गुडघाभर भरावे, रस्त्याच्या बाजूने मोकळे ठेवावे. थांबत नसलेली गाडी तिथे रुतून थांबेल. खर्च माझ्या ठेवीतून आधी काढावा, उरेल ते दोघांनी वाटून घ्यावे. वाळू पावसाने घट्ट बसते. ती दरवर्षी उकरून मोकळी करण्याचे काम मुलीकडे. अंगण विकण्याचा हक्क कोणालाही नाही.

ब्रेक लागला नाही तर गाडी शेवटच्या वळणानंतर डावीकडे, अंगणात घालायची, एवढे थोरल्याने लक्षात ठेवावे.

दोन्ही साक्षीदारांनी हे वाचून माझ्यासमोर सही केली. शेजारचे पोस्टमन म्हणाले, "वहिनी, गाळे गेले म्हणून थोरला तुम्हाला शिव्या देईल."

मी म्हटले, "देऊ दे. द्यायला जिवंत असला म्हणजे झालं."

लिहून देणार: सीटवाल्या बाई (सही)
साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)
साक्षीदार: दवाखान्यातील परिचारिका (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: १४ नोव्हेंबर